डिकीतला कान

माझा जन्म झाला त्या दिवशी बाबांनी गॅरेजचा बोर्ड रंगवायला काढला. पेंटरनं ‘मिस्त्री आणि’ एवढं लिहिलं आणि ब्रश बुडवायला तो शिडीवरून खाली उतरला. तेवढ्यात बाबा त्याला म्हणाले, “थांब. कसा निघतो ते बघू आधी.”

त्याला सव्वीस वर्षं झाली. मी अजून निघतोच आहे.

त्यामुळे आमच्या बोर्डावर ‘मिस्त्री आणि’ यापुढे हातभर कोरी जागा आहे. त्याखाली बारीक अक्षरात ‘शॉक-अप, स्प्रिंग व गाडीखालची सर्व कामे’ असं आहे, ते मात्र पूर्ण आहे. कामं पूर्ण, माणसं अर्धी. एखादं नवीन गिऱ्हाईक बोर्डाच्या मागे वाकून बघतं, पुढचा शब्द तिकडे गेलाय की काय म्हणून. तिकडे कबुतरं आहेत. मध्ये एक वर्ष मी ती कोरी जागा दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायचो. आई म्हणाली, “जागा पुसून माणूस उमटत नाही रे बाळा.” मग सोडून दिलं.

माझं काम काय ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर गोंधळ नको. मी डिकीत झोपतो.

गाडीच्या पुढून आवाज आला तर तो चालवणाऱ्याला कळतो. मागून आला की कोणालाच कळत नाही. तो पत्र्यातून फिरतो. निघतो डावीकडून, ऐकू येतो उजवीकडून, घरातल्या भांडणासारखा. गॅरेजमध्ये गाडी उभी केली की तो येतच नाही आणि गिऱ्हाईक रस्त्यावर गेलं की पुन्हा येतो. म्हणून बाबांनी ही पद्धत काढली. डिकी रिकामी करायची, आत माणूस झोपवायचा, झाकण लावायचं आणि गाडी गतिरोधकांवरून न्यायची. आतल्या माणसानं मडगार्डच्या उंचवट्याला कान लावायचा, हात फिरवत राहायचं आणि आवाज सापडला की पत्र्यावर टकटक करायची. एक टकटक म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे. तीन म्हणजे थांबा. आत बोलायचं नाही, कारण बोलण्यात आवाज हरवतो. पुढे बसलेल्यांनीही बोलायचं नाही. रेडिओ बंद, काचा वर. शिंकल्याबद्दल बाबांनी एका गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीतून खाली उतरवलं होतं.

पूर्वी बाबा स्वतः झोपायचे. मग एक टायर त्यांच्या डाव्या बाजूला फुटला आणि तो कान कामातून गेला. तेव्हा मी शाळेत होतो आणि बारीक होतो. लग्न होईपर्यंत ताई गाडी चालवायची आणि मी मागे. माझं बोट पत्र्यावर कसं पडतं ते तिला झोपेतही ओळखू येईल. तेव्हापासून गिऱ्हाइकं मला ‘कान’ म्हणतात. “मिस्त्री, कान आहे का आज?” असं विचारतात. बाकीचा मी असलो-नसलो तरी चालतं.

लोकांना वाटतं आत गुदमरायला होतं. तसं काही नाही. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची पाठ सोडणारी एक दोरी डिकीतून ओढता येते. ओढली की पाठ पुढे पडते आणि माणूस बाहेर. मी आजवर ती कधी ओढली नाही. बाबा झाकण उघडायचे.

परवा रात्री जेवताना बाबा म्हणाले, “उद्या पेंटरला बोलावलंय. बोर्ड पुरा करून टाकू.”

मी घास तसाच गिळला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता मला वाढलं. आई न विचारता वाढते तेव्हा एकतर आनंदाची बातमी असते किंवा कोणीतरी आजारी असतं. कोणी आजारी नव्हतं.

सकाळी खुर्चीवर माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलेला. डिकीत झोपणाऱ्याच्या शर्टाला इस्त्री करणं म्हणजे भिंतीला पावडर लावणं. पण मी घातला. दाढी केली. नेहमीसारखे दोन पाने, टॉर्च आणि मूठभर नट-वायसर पँटच्या खिशात टाकले. बोर्डावर चढायच्या दिवशीसुद्धा माणसानं खिसा बदलू नये.

पेंटर शिडी घेऊन आला तेव्हाच ताई आणि दाजी त्यांची गाडी घेऊन आले. ताई उतरून सरळ मागच्या खोलीत आईकडे गेली. माझ्या शर्टाकडे बघून म्हणाली, “छान दिसतोयस,” आणि थांबली नाही. दाजी फर्निचरच्या शोरूममध्ये मॅनेजर होते. शोरूम दोन महिन्यांपूर्वी बंद पडलं. गाडीला आवाज सुरू झाला तोही दोन महिन्यांपूर्वी. या दोन गोष्टींचा संबंध नव्हता, पण दाजींच्या तोंडावर तो दिसायचा.

“काय कान,” दाजी म्हणाले, “मोठा समारंभ दिसतोय.”

“तुमच्या गाडीचाच आहे दाजी. आवाज कसा येतो?”

गिऱ्हाइकाला आवाज तोंडानं काढायला लावायचा ही आमच्या धंद्यातली एकमेव करमणूक. मी एका प्राध्यापकांना बकरीसारखं करताना पाहिलंय. दाजींनी गळा साफ केला आणि म्हणाले, “टॉक.”

“टॉक की ठक?”

“ठक. पण आतल्या आत. ओढलेल्या खुर्चीसारखं नाही. ठेवलेल्या खुर्चीसारखं.”

सोफे विकून आलेला माणूस. पण वर्णन चांगलं होतं, ते मी मान्य करतो.

“काय काय बदललं?”

“वर्कशॉपवाल्यांनी मागचे दोन्ही शॉक-अप नवीन टाकले. तेव्हापासूनच येतो. मग म्हणाले, तुमच्या मनात येतो.”

मी डिकी उघडली. मागून आवाज येणाऱ्या दहा गाड्यांतल्या तिघींना काहीही झालेलं नसतं, डिकीत एखादी वस्तू लोळत असते. एकानं सगळं सस्पेन्शन बदलून घेतलं होतं आणि शेवटी निघालं एक डंबेल. दाजींच्या डिकीतून मी स्टेपनी काढली, जॅक काढला, छत्री, बंद पडलेल्या शोरूमचे गठ्ठाभर कॅटलॉग आणि सोफ्याचा एक पाय.

“हा एकच कसा?”

“नमुना आहे,” दाजी म्हणाले आणि तो माझ्या हातातून घेऊन पुढच्या सीटखाली ठेवला.

मग नेहमीची तपासणी. सायलेन्सर हातानं हलवून बघितला. रबरं शाबूत होती. गाडीचा मागचा एकेक कोपरा दाबून सोडला. एकदा खाली, एकदा वर, गप्प. शॉक-अप नवे होते हे खरं. गाडीखाली जाऊन आसाच्या बुशांना टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून ओढून पाहिलं. घट्ट. हँडब्रेकची वायर कुठे आपटत नव्हती. उभ्या गाडीत काहीच सापडत नव्हतं, म्हणजे आता डिकी.

बाबा हात पुसत आले. “चल,” म्हणाले. मी आत गेलो, गुडघे पोटाशी घेतले. इस्त्री संपली. झाकण लागलं.

गोदामांच्या मागचा रस्ता आमचा परीक्षेचा रस्ता. ओळीनं तीन गतिरोधक, मग खड्डे, मग उतार. मी डाव्या मडगार्डवर कान टेकवला. टायर गुणगुणत होते. पहिला गतिरोधक आला.

ठक.

खरोखर ठेवलेल्या खुर्चीसारखा. मी हात उजवीकडे सरकवला, कारण ऐकू येतो तिथे तो नसतो. दुसऱ्याची वाट बघत श्वास धरला. आणि बाबा बोलले.

“जावईबापू.”

मला वाटलं कोणीतरी गेलं. आवाज शोधताना बाबा बोलले, असं चौदा वर्षांत झालं नव्हतं.

“काय?” दाजी ओरडले. ते बाबांच्या डाव्या बाजूला होते, म्हणजे फुटलेल्या टायरच्या कानाशी. त्यामुळे पुढचं सगळं गुपित दोघंही बाजारात भाव सांगावा तसं बोलले.

“बोर्डाचं म्हणतोय. तुमचंच घालतो. मिस्त्री आणि जावई. बसतं त्या जागेत. मी मोजलंय.”

ठक. दुसरा.

“बाबा, मला गाडीतलं काही कळत नाही.”

“कळायचं काय त्यात? गिऱ्हाइकाशी बोलायला माणूस लागतो. तुम्ही सोफे विकलेत. सोफ्यावर बसलेला माणूस उठून जाऊ शकतो, तरी तुम्ही विकलेत. आपल्याकडे गाडी जॅकवर असते. गिऱ्हाईक जातंय कुठे?”

“आणि कान?”

“तो कुठे जातोय? तो डिकीत आहेच की.”

“नाही, म्हणजे आत्ता त्याला हे ऐकू...”

“डिकीत गेला की त्याला गाडीशिवाय काही ऐकू येत नाही. माणसाचं तर नाहीच. तसा तयार केलाय मी त्याला.”

ठक. तिसरा. मी हात पुन्हा डावीकडे आणला. काय करणार? कानाला सवय असते.

दाजी ओरडले, “त्याला वाईट वाटेल, बाबा.”

“हे बघा,” बाबा म्हणाले. “मुलगा बेकार असला तर घरात दिसतो. जावई बेकार असला तर चारचौघांत दिसतो. माझी पोरगी दोन महिने झाले फोनवर हसतेय. ती लहानपणापासून कधी फोनवर हसत नाही. मी मागचे आवाज ओळखून पोट भरलंय.”

खड्डे सुरू झाले. ठक, ठक-ठक. मी डिकीच्या कडेचं कापड वर केलं. तिथे शॉक-अपचं वरचं टोक पत्र्यातून बाहेर येतं, त्यावर रबर, रबरावर वाटीसारखं वायसर, त्यावर नट. मी तळहात त्यावर ठेवला.

“आईंना माहीत आहे?”

“कालच सांगितलं. काही बोलली नाही. रात्री पोराचा शर्ट इस्त्री करत बसली. म्हणाली, निदान अंगात शर्ट तरी चांगला असू दे.”

पुढच्या खड्ड्याला नट माझ्या तळहातात वर आला आणि खाली बसला. ठक. पुन्हा वर आला. ठक. बोटानं चाचपलं तर नटाखाली सरळ रबर होतं. मधलं वायसरच नव्हतं. नवीन शॉक-अप टाकताना कोणीतरी ते बसवायचं विसरला होता, आणि नट रबरात घुसून तांदळाच्या दोन दाण्यांएवढा मोकळा खेळत होता. दोन महिने, दोन शॉक-अप, एक वर्कशॉप, आणि हे एवढंसं.

सापडला होता. डावीकडे, मागे, वर. मी एकदा ठोकायला हवं होतं. बोट वाकवून पत्र्याजवळ नेलंही. पण एकदा ठोकलं असतं तर त्यांना कळलं असतं की मी आत आहे, म्हणजे खरोखरचा. मला त्यांना अडचणीत टाकायचं नव्हतं. असे माझे संस्कार.

“तो काही ठोकत नाही,” दाजी म्हणाले.

“म्हणजे सापडला नाही. परत जाऊ.”

गाडी गॅरेजच्या दारात, बोर्डाच्या बरोबर खाली थांबली. दोन्ही दारं उघडली, दोन्ही लागली. मी झाकणाची वाट बघत पडलो. बाहेर पेंटरचा आवाज आला, “काय लिहायचं मिस्त्री? सव्वीस वर्षं झाली, रंग सुकला माझा.” मग बाबांचा. ते शिडी धरायला गेले असावेत. दाजी चहाला मागच्या खोलीत गेले असावेत. बाबांना वाटलं दाजींनी उघडलं. दाजींना वाटलं बाबा उघडतील. दोन माणसांच्या मध्ये पडलेलं काम कोणाचंच नसतं, हे मी तिथे आडवा पडून शिकलो. बसून शिकलो असतो, पण जागा नव्हती.

दोरी ओढता आली असती. मी नाही ओढली. म्हटलं, बघू किती वेळ लागतो.

हात रिकामे होते म्हणून काम केलं. एका पान्यानं शॉक-अपचा दांडा धरला, दुसऱ्यानं नट काढला, खिशातल्या वायसरांतून बोटानं मापाचं निवडलं, वाटीसारखं, जाड. बसवलं, नट आवळला. टॉर्च लावला नाही. वर शिडीवर पेंटर विचारत होता, “‘जा’ मोठा काढू की सगळे सारखे?” बाबा म्हणाले, “सारखे काढ. कोणाला वाटायला नको.”

दोन्ही कामं साधारण एकदमच संपली.

मग ताईचा आवाज आला. “तो कुठेय?”

“इथेच होता,” बाबा म्हणाले.

आई म्हणाली, “त्यानं बोर्ड पाहिला वाटतं.”

बाबा म्हणाले, “पाहिला असेल. गेला असेल कुठेतरी रुसून. येईल तासाभरात एखादा विनोद घेऊन.”

“हो, त्याचं बरं आहे,” आई म्हणाली. “त्याला विनोद सुचतो.”

“गाडीचं काय?” दाजींनी विचारलं.

“तो परत आला की आणा. घाई नाही, तुटणारं काही दिसत नाही.” वर म्हणाले, “आता काय, गॅरेज तुमचंच आहे.”

कॅटलॉग आणि स्टेपनी उद्या नेऊ असं ताई म्हणाली. डिकी कोणी उघडली नाही. गाडी सुरू झाली आणि मी माझ्या बहिणीच्या घरी निघालो. बऱ्याच दिवसांत गेलो नव्हतो.

कोपऱ्यावर एक गतिरोधक आहे. गाडी चढली, उतरली. गप्प. पुढे रेल्वेचं फाटक. गप्प. मी केलेलं काम होतं, मला माहीतच होतं, तरी ऐकायला बरं वाटलं.

“आवाज गेला,” दाजी म्हणाले.

“हो का?”

“बघ ना. आला? नाही आला.” फाटकानंतरच्या खड्ड्यात त्यांनी मुद्दाम गाडी घातली. “नाही आला. आम्ही नुसते चक्कर मारून आलो आणि गेला. अगं, या धंद्यात निम्मं मनाचंच असतं. मी शिकून घेईन महिनाभरात. आहे काय त्यात?”

ताई म्हणाली, “त्याला कोण सांगणार?”

“कळलंच असेल ना आता. वाईट नको वाटून घेऊस. त्याला असल्या गोष्टी लागत नाहीत. मजेशीर आहे तो.”

पुढचा गतिरोधक आला. गाडी वर गेली, खाली आली, आणि अगदी त्याच क्षणी मी बोटाच्या पेरानं मडगार्डवर मारलं.

ठक.

मी त्या आवाजाशी सकाळपासून राहिलो होतो. मला तो नटापेक्षा चांगला येत होता.

“च्यायला,” दाजी म्हणाले.

पुढच्याला पुन्हा. ठक. ठेवलेल्या खुर्चीसारखा.

“परत आला. डावीकडून येतोय. ऐकलास?”

ताई गप्प होती. तिचं गप्प असणं मला सीटच्या पाठीतून कळलं. मग ती सावकाश, जरा मोठ्यानं म्हणाली, “उजवीकडून तर नाही ना येत?”

तिथे गतिरोधक नव्हता. सरळ, गुळगुळीत रस्ता होता. मी दोनदा ठोकलं.

“आता नुसत्या रस्त्यावरसुद्धा यायला लागला,” दाजी म्हणाले. “हे वाढतंय.”

ताई अजून सावकाश म्हणाली, “थांबायचं का?”

“कशाला थांबायचं?” दाजी म्हणाले.

मी तीनदा ठोकलं. एकेक, मोजून. गाडी चालवणाऱ्याला ऐकू जाईल असं, जसं बारा वर्षांचा असताना तिला ऐकवायचो. तेव्हा ती तिसऱ्या टकटकीच्या आत ब्रेक दाबायची. बाबा म्हणायचे, असे दोघं असल्यावर गॅरेजला काळजी नाही.

गाडीत काही क्षण फक्त टायर ऐकू येत होते.

“नको,” ताई म्हणाली. “चला तुम्ही. घरी जाऊन बघू.”

आणि तिनं रेडिओ लावला.

घराखाली गाडी लागली. दाजी वर गेले, त्यांना कोणालातरी फोन करून बोर्डाचं सांगायचं होतं. ताई म्हणाली, “मी गाडी नीट लावून येते.” त्यांच्या पायांचा आवाज जिन्यात विरला, तेव्हा झाकण उघडलं. उजेड आला आणि उजेडात ताई. तिनं डोळे पुसलेले होते. मला ते चाललं नाही. डोळे पुसायचे तर माझ्यादेखत पुसायचे.

“कधीपासून आहेस आत?”

“सकाळपासून. तसं बघितलं तर शाळेपासून.”

“सगळं ऐकलंस?”

“तुझा नवरा मोठ्यानं बोलतो. बाबांशी तर फारच.”

ती झाकण धरून उभी राहिली. झाकण आपोआप वर राहत होतं, धरायची गरज नव्हती.

“मी बाबांकडे काही मागितलं नाही रे. शपथ.”

“माहीत आहे. तू फोनवर हसलीस.”

“मग काय करायला हवं होतं मी?”

“तीन ठोकले होते, ताई.”

ती जमिनीकडे बघत राहिली. समोरच्या गॅलरीत कोणीतरी चादर झटकली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ती कशाची वाट बघतेय ते मला कळलं. घरात काही मोडलं, फुटलं, कोणी रडलं की सगळे माझ्याकडे असंच बघतात. मी काहीतरी बोलतो, ते हसतात, मग आई चहा टाकते, आणि मोडलेलं तसंच राहतं. माझ्याकडे विनोद तयारही होता. सोफ्याच्या पायाबद्दल होता. चांगला होता.

मी नाही सांगितला.

मी डिकीत परत वाकलो, कापड वर केलं, खिशातून दोन्ही पाने काढले. दांडा धरला, नट सोडवला, माझं वायसर काढून घेतलं, नट होता तसा पुन्हा आवळला. सकाळी होता तसा, त्यापेक्षा सैल नाही. वायसर शर्टाला पुसून खिशात टाकलं. निळ्यावर काळा गोल उमटला.

“हे काय केलंस?”

“माझं होतं ते.”

“आता?”

“आता आवाज येईल.”

“धोका आहे का काही?”

“नाही. फक्त येईल.”

“कधीपर्यंत?”

“मिस्त्री मिळेपर्यंत.”

ताईनं वर, स्वतःच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे दाजी फोनवर बोलताना दिसत होते, हातवारे करत. “मिस्त्री तर आता हेच,” ती म्हणाली.

“मग येतच राहील,” मी म्हणालो.

तिनं थांब म्हटलं नाही. मी थांबलो असतो की नाही माहीत नाही. फाटकाबाहेर आलो, कुंपणाच्या भिंतीला धरून चालायला लागलो. डिकीत पाय आखडले होते, त्यामुळे मी रागानं चालतोय असं काही दिसत नसणार. म्हाताऱ्यासारखा चाललो असेन.

मागे तिनं गाडी सुरू केली. खरंच नीट लावायला. पाण्याच्या टाकीचं झाकण रस्त्यापेक्षा जरा उंच होतं, त्यावरून मागचं चाक गेलं.

ठक.

सवय वाईट. मी चालता चालता भिंतीवर एकदा ठोकलं.